न विचारता तोडलेला निंब

भाऊबीज आटोपून रंगूबाई पोरांना घेऊन मानोऱ्याहून आसेगावला सासरी परतली. बैलबंडी फाटकातून आत वळली आणि तिचे डोळे दिपले. अंगणभर ऊन पडलं होतं. त्या अंगणात भर दुपारी एवढं ऊन कधी नसायचं. निंब तोडलेला होता. खोड आडवं पडलं होतं, फांद्या गोठ्याच्या भिंतीशी रचल्या होत्या, आणि झाडाखालची हरळी फावड्यानं खरवडून तिचा ढीग उकिरड्याच्या वाटेवर टाकला होता. मागचा करंज उभा होता, पण त्याच्याही खालच्या फांद्या छाटलेल्या होत्या.

पोचवायला आलेल्या भावानं विचारलं, हे काय झालं?  धाकट्या लेकराला कडेवर घेऊन रंगूबाई खोडापाशी गेली आणि तिनं कापलेल्या जागी हात ठेवला. लाकूड अजून ओलं होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा अंगणात गवताची काडी नव्हती. नुसती काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की कोंबडीचं पिल्लू आत अडकून ओरडत बसे. वारा सुटला की धूळ भाकरीवर येई. पावसाळ्यात तीच माती पायाला चिकटून घरात शिरे, आणि वरच्या अंगानं येणारं पाणी उरलेली माती गल्लीत ओढून नेई. वैशाखात घरातल्या बाया दुपारी ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसत, तर भिंतही तापलेली असे. रंगूबाईच्या माहेरी विहिरीवर चिंचांची दाट सावली होती. इथला पहिला उन्हाळा तिनं कसाबसा काढला. पुढच्या पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निंबाचं एक रोप मातीसकट उपटून आणलं आणि अंगणाच्या मधोमध लावलं. नाल्यातून करंजाच्या शेंगा आणून मागच्या बाजूला टोचल्या. त्यातलं एक रोप जगलं.

विहीर लांब होती, पाणी डोक्यावरून आणावं लागे. प्यायच्या पाण्यातला थेंब झाडाला द्यायची सोय नव्हती. म्हणून न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी ती गुंडात, म्हणजे मोठ्या घागरीत, धरून ठेवायची आणि संध्याकाळी झाडांना घालायची. बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं, बकऱ्यांवर नजर ठेवली. झाड वाढलं तसं त्याचं आळं ती दर वर्षी बाहेर सरकवत गेली, कारण पाणी बुंध्याला नको, मुळांच्या टोकांना पाहिजे, असं तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं.

तरी पावसाचं पाणी येऊन मुळं उघडी पाडायचंच. तेव्हा तिनं झाडाभोवती हरळी लावली, आणि घरात गहजब झाला. शेतकऱ्याच्या घरात हरळी! वावरातली हरळी खणून खणून सासऱ्याची, नानाजींची, कंबर वाकली होती. तीच हरळी सून दारात लावते म्हटल्यावर सासू प्रयागबाई म्हणाली की या पोरीचं डोकं फिरलं आहे. नानाजी मात्र खाली बसून ती माती हातानं दाबून पाहत राहिले. मग त्यांनी गोट्यांची एक ओळ मांडली आणि सांगितलं की या गोट्यांच्या बाहेर एक कोंब दिसला तर सगळी उपटून टाकीन. रंगूबाईनं तो कोंब कधी दिसू दिला नाही. दर आठवड्याला खुरपं घेऊन ती कडेनं फिरायची. पुढं निंब दाट झाला तशी खोडाजवळची हरळी उन्हाअभावी विरळ झाली. तिथं आंबुशी आणि केन्याचं तण आपसूक आलं, ते तिनं राहू दिलं. निंबाचा पाला पडला की झाडून उकिरड्यावर नेण्याऐवजी ती तो मुळांवरच पसरायची. दोनचार पावसाळ्यांत अंगणातली माती वाहून जायची थांबली. धूळही बसली.

पुढं सगळं घरच त्या निंबाखाली राहू लागलं. प्रयागबाईची बाज तिथं पडे. कापूस वेचणीच्या बाया तिथं भाकरी खात. आणि रंगूबाईचा भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ बबनराव, तोही दुपारी तिथंच बसून गावाच्या गोष्टी करी.

नानाजी वारले आणि घराचा कारभार बबनरावाकडे आला. जगदेव, रंगूबाईचा नवरा, भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. बबनराव कष्टाळू होता, वाईट म्हणावा असा नव्हता, पण आपण बोललो की ते झालं पाहिजे अशी त्याला सवय लागली होती. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जोरात होती. वेचलेला कापूस अंगणात गंजी लावून ठेवायचा, तर वाशीमच्या आडत्यानं मागच्या सालीच कुरकुर केली होती की तुमच्या कापसात निंबाच्या काड्या आणि पाला फार येतो. तेव्हापासून बबनराव निंबाकडे वाकड्या नजरेनं पाहू लागला. रंगूबाईनं जाऊ पंचफुलाच्या तोंडून निरोप दिला होता की कापसावर तरट टाकत जाऊ, झाडाखाली गंजी न लावता गोठ्याकडे लावू, झाडझुडीचं काम मी करीन. निरोप अशासाठी की सून भासऱ्याशी बोलत नसे. त्याच्या समोर पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभं राहायचं, आणि काही सांगायचं तर ते जावेकडून किंवा सासूकडून. इतक्या वर्षांत बबनरावानं रंगूबाईचा आवाज ऐकला होता तो फक्त पोरांना हाका मारताना.

निरोपाला उत्तर आलं नाही. दिवाळी आली. रंगूबाई माहेरी गेली, आणि बबनरावानं मागं काम उरकलं.

आता ती खोडापाशी उभी होती आणि घरातून कोणी बाहेर येत नव्हतं. पंचफुला दारात आली, तिनं मान खाली घातली आणि परत आत गेली. तेवढ्यात गल्लीतून देवला कुऱ्हाड खांद्यावर टाकून आला. लाकूड तोडायची कामं तोच करी. निंब रंगूबाईला न विचारता तोडला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं रामराम घातला आणि म्हणाला, "करंज राह्यला होता, वयनी. तो आज आडवा करतो. निंबाले लई कष्ट पडले. गोठ्यावर पडला असता, पन जगदेवभाऊनं दोर धरून ठेवला, म्हनून अलगद इकडं पडला."

रंगूबाईनं विचारलं, "कोनं दोर धरला?"

"जगदेवभाऊनं."

तिनं लेकरू भावाच्या हातात दिलं. मग करंजाखाली जाऊन बुंध्याला पाठ टेकून बसली आणि देवलाला म्हणाली की आज तू घरी जा.  बाई बसलेल्या झाडावर देवला कुऱ्हाड कशी घालणार? तो गेला.

संध्याकाळी बबनराव आणि जगदेव वावरातून आले. बबनरावानं करंज उभा पाहिला आणि खाली रंगूबाई पाहिली. त्यानं पंचफुलाला हाक मारून सांगितलं की तिला आत घे, उद्या बंड्या यायच्या आहेत, अंगण साफ पाहिजे. पंचफुला काही बोलायच्या आत रंगूबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं आणि ती सरळ भासऱ्याकडे पाहत होती. 

"निंब आडवा येत होता तर मले सांगायचं होतं," ती म्हणाली. "म्या नाई म्हनलं असतं. भांडली असती. मग तुमी तोडला असता, तरी म्या म्हनलं असतं का तोंडावर तोडला. माझ्यामागं काहून तोडला?"

बबनराव क्षणभर गोंधळला. भावजय आपल्याशी बोलते आहे हेच त्याला आधी कळेना. मग तो तिच्याकडे न पाहता भावाला म्हणाला, "जगदेव, तुह्या बायकोले समजाव. घरच्या मान्सानं बाईले इचारून झाड तोडावं का? जागा माह्या बापाची हाय."

"जागा तुमच्या बापाची," रंगूबाई म्हणाली. "त्याईनंच मले गोटे मांडून देल्ले. झाड म्या वाढवलं. त्याच्या सावलीत तुमी इतली वर्सं बसले, तवा नाई म्हनले, का हे बाईचं हाय."

बबनराव ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला की उद्या करंज पडणार, आणि आत निघून गेला. जगदेव तिथंच उभा राहिला. रंगूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. भासऱ्याचा राग तिला समजत होता. तो घरधनी होता, त्याला कापूस दिसत होता. पण या माणसानं न्हाणीचं पाणी वाहून नेताना तिला रोज पाहिलं होतं. पोराला पहिल्यांदा पाळण्यात घातलं तो पाळणा त्याच निंबाला बांधलेला होता, आणि तो यानंच बांधला होता. आणि दोरही यानंच धरला.  ती त्याच्याकडे पाठ करून करंजाखाली परत गेली, आणि जगदेवला ते भांडणापेक्षा जड गेलं.

रंगूबाई घरात गेली नाही. भावाला तिनं सांगितलं की तू परत जा, हे माझं मी पाहीन. करंजाखाली तीन दगड मांडून तिनं चूल केली, पोरांना भाकरी करून घातली आणि तिथंच पटकूर टाकलं. सकाळी कापसाच्या बंड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. करंजाकडून वळल्याशिवाय बंडी आत फिरवता येत नव्हती, आणि तिथं ती बसली होती. गडीमाणसं फाटकातूनच परतली. कापूस गल्लीत उतरवावा लागला. बघता बघता गावात बोभाटा झाला. विहिरीवर बाया म्हणू लागल्या की भासऱ्याशी तोंड उघडून बोलली, आता काय राहिलं? काही म्हणाल्या की झाडासाठी कोणी घर मोडतं का? त्यातल्या बऱ्याच जणींनी त्या निंबाखाली दुपारच्या भाकरी खाल्ल्या होत्या. हे बोलणं रंगूबाईच्या कानावर आलं तेव्हा तिला बबनरावाइतकाच त्यांचाही संताप आला.

दुपारी ऊन चढलं. प्रयागबाई ओसरीवर होती. निंबाच्या सावलीची सवय लागलेल्या म्हातारीचा ओसरीत जीव घाबरा होऊ लागला. तिनं पंचफुलाला बाज उचलायला लावली आणि ती करंजाखाली रंगूबाईच्या शेजारी टाकायला सांगितली. बबनराव आईला आत न्यायला आला. म्हातारी त्याला म्हणाली की मला इथं बरं वाटतं. सुनेच्या बाजूनं ती एक शब्दही बोलली नाही. पण बाजेवरून उठलीही नाही, आणि आईच्या डोक्यावरचं झाड बबनरावाला तोडता येईना.

शेवटी बबनरावानंच उकंडराव पाटलांना बोलावलं. चार माणसं ओसरीवर बसली. उकंडराव वयानं मोठे, बोलायला संथ. त्यांनी आधी रंगूबाईलाच बोल लावला की घरातली गोष्ट अंगणात आणायला नको होती. मग जगदेवला विचारलं की तुझ्या बायकोचं म्हणणं काय आहे? जगदेव खाली पाहत राहिला. करंजाखालून रंगूबाईचा आवाज आला की मला पोरांच्या बापाकडूनच ऐकायचं आहे.

  भावासमोर जगदेव आयुष्यात असा बोलला नव्हता.

"दादा, वाटनी करून टाका," तो म्हणाला. "निंब तोडाले म्या मदत केली. नाई म्हनता आलं असतं, म्हनलं नाई. आता करंज राहू द्या. माह्या हिश्शात द्या."

बबनरावाला हे लागलं. भाऊ वेगळा निघतो म्हणजे गावात त्याची मान खाली जाणार होती. तो रागानं म्हणाला की करंज पाहिजे ना, मग बरडाकडचं वावर घ्या. काळ्या मातीचं वावर अंगण मागणाऱ्याला मिळणार नाही. बरडाचं वावर म्हणजे मुरूम आणि गोटे. तिथं पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नसे. उकंडरावांनाही हे जास्तीचं वाटलं, पण बबनराव हटला नाही. जगदेवनं करंजाकडे पाहिलं. रंगूबाईनं मान हलवली, घ्या म्हणून.

बसलेल्यांपैकी एकजण हसला. तिनं ते हसणं ऐकलं. तिला ठाऊक होतं की बरडात जन्म घासायचा आहे. पण आज मागं सरलं तर पुढं या घरात तिचं काहीही, केव्हाही, तिच्या पाठीमागं तोडता आलं असतं.

अंगणाच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. करंज, मागची खोली आणि गोठ्याचा एक कोपरा जगदेवकडे आला. निंबाचं लाकूड बबनरावाच्या बाजूला होतं, त्यातून त्यानं बंडीचं जू आणि दोन बाजांचे गाते, म्हणजे लांब दांडे, करवून घेतले. प्रयागबाई दोन्हीकडे जेवायची, पण दुपारी करंजाखाली असायची.

रंगूबाईनं उकिरड्याच्या वाटेवरच्या त्या ढिगातून हरळीच्या जिवंत मुळ्या निवडून आणल्या आणि आपल्या बाजूला लावल्या. करंजाच्या छाटलेल्या फांद्यांच्या खापांना शेणमाती थापली. बरडातून दिवसभर गोटे वेचून आल्यावरही तिचं पाणी घालणं चुकलं नाही. जगदेवशी ती कामापुरतं बोलायची. भाकरी वाढली आहे, बैलाच्या खुराला लागलं आहे, एवढंच. तो बिचकत वागायचा. पावसाळा लागल्यावर एका सकाळी तो धुऱ्यावरून निंबाचं रोप घेऊन आला, मुळाभोवतीची माती धोतराच्या सोग्यात बांधलेली. रंगूबाईसमोर तो तसाच उभा राहिला.

"लावा," ती म्हणाली. "पन पानी तुमीच घाला. कुंपन तुमीच करा. मी हात नाई लावनार."

त्यानं रोप लावलं. कुंपण करायला आळस केला, आणि पोळ्याच्या आत बकरीनं ते खाऊन टाकलं. रंगूबाई चुलीपाशी बसून पाहत होती. तिनं बकरीला हाकललं नाही. पाहताना तिचा जीव कळवळला, तरी उठली नाही. जगदेवनं दुसरं रोप आणलं. या वेळी बोराटी तोडताना त्याचे हात रक्तबंबाळ झाले. संध्याकाळी पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन तो न्हाणीकडून येऊ लागला तेव्हा गल्लीतले लोक हसायचे. त्यानं ऐकून घेतलं.

उन्हाळा आला. बबनरावाच्या बाजूला सावली नव्हती. पावसानं त्याच्या अंगणातली वरची माती गल्लीत गेली होती, आणि आता उरलेलीला भेगा पडल्या होत्या. त्यानं टिनाचे पत्रे आणून मांडव घातला. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. पंचफुला निवडायची डाळ घेऊन कुडाच्या भिंतीला वळसा घालून करंजाखाली येई. वेचणीच्या, निंदणीच्या बाया येत. विहिरीवर जास्त बोललेल्याही आल्या. रंगूबाईनं त्यांना सरकून जागा दिली, पण त्यांच्याशी गप्पा मारल्या नाहीत.

एकदा प्रयागबाई म्हणाली की बबनचं डोकं दुखतं उन्हानं, त्याला इकडं बाज टाकू दे. रंगूबाई खुरप्यानं हरळीची कड कापत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी आडवत नाई. त्याईनं यावं. पन येतानी इचारून यावं."

म्हातारीनं निरोप नेला. बबनरावानं उत्तर पाठवलं की मी माझ्या बापाच्या अंगणात कोणाला विचारायचं? आणि तो आला नाही. त्या वर्षीही नाही, पुढच्या वर्षीही नाही. भर वैशाखात तो पत्र्याखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेला असायचा, आणि कुडाच्या फटीतून रंगूबाईला तो दिसायचा. तिला त्याची दया येत नव्हती. दया यावी असं म्हणणारी माणसं गावात बरीच होती.

त्यातलेच एक उकंडराव. एकदा ते पाणी प्यायला थांबले, करंजाखाली टेकले, आणि म्हणाले की पोरी, आता झालं गेलं, राग सोड, थोरला आहे तो. रंगूबाईनं त्यांच्या हातात पाण्याचा गडवा दिला.

"पाटील, तुमी त्याईले सांगतलं का, बाईले इचार म्हनून?" तिनं विचारलं. "मलेच काहून सांगता?"

उकंडरावांनी पाणी पिऊन गडवा खाली ठेवला. पलीकडे जगदेव निंबाच्या रोपाचं आळं सैल करत होता, खुरपं फार खोल घालत होता. रंगूबाईनं ते पाहिलं आणि तिथूनच त्याला सांगितलं की मुळं तोडाल, वरवर चालवा. त्यानं मान हलवली आणि खुरपं वर धरलं.